वेफरवर पॉलिमर उगवायचं असेल तर खालून सुरुवात करा

पहिले चार महिने माझ्या एकाही वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, काहीही उगवलं नाही. दर आठवड्याला मी वरची रसायनं बदलत होते. कधी मोनोमर (पॉलिमरच्या साखळीचा एकेक सुटा मणी) नवा, कधी लिगंड (तांब्याला धरून ठेवणारा रेणू) दुसरा, कधी तांबं दुप्पट, कधी वेळ रात्रभर. दोष यातल्या कशातच नव्हता. सिलेनची, म्हणजे वेफर आणि पॉलिमर यांना जोडणाऱ्या रसायनाची, बाटली माझ्या आधी कुणीतरी वर्षभरापूर्वी उघडली होती, तिचं झाकण नीट बसत नव्हतं, आणि मी इमानेइतबारे रोज त्याच बाटलीतून काढत होते. नवी बाटली फोडली त्याच आठवड्यात चिमट्यातल्या करड्या तुकड्यावर तपकिरी झाक दिसली. साठ-सत्तर नॅनोमीटरचा थर सिलिकॉनवर तसाच दिसतो. मी तो तुकडा तासभर खिडकीशी धरून बसले होते.

म्हणून पुढे जे लिहिते आहे त्यात वरच्या पायरीपेक्षा खालच्या पायऱ्यांवर जास्त शाई खर्च झालेली दिसेल. ते मुद्दाम आहे.

लावणी की पेरणी

घन पृष्ठभागावर पॉलिमरच्या साखळ्या जोडायच्या मुख्य रीती दोन. एकीत पॉलिमर आधीच तयार असतं. त्याच्या एका टोकाला पृष्ठभागाशी बंध धरणारा गट असतो, आणि त्या टोकानं ते खाली रोवायचं. मी हिला लावणी म्हणते. दुसरीत पृष्ठभागावर फक्त सुरुवात करून देणारे रेणू बसवायचे आणि साखळी तिथूनच, एकेक मोनोमर जोडत, वर वाढू द्यायची. ही पेरणी.

शेतात लावणीचं रान भरगच्च दिसतं, इथे उलट आहे. द्रावणातली साखळी ताठ काडीसारखी नसते, सुताच्या गुंड्यासारखी असते. साठ हजार रेणुभाराच्या साखळीचा गुंडा दहा-पंधरा नॅनोमीटर रुंद असतो. असा एक गुंडा खाली बसला की स्वतःच्या अंगाखालची सगळी जागा अडवतो. मागून येणाऱ्याला त्यातून वाट काढत तळापर्यंत जावं लागतं, आणि ते बहुतेकांना जमत नाही. त्यामुळे लावणीचा कोरडा थर काही नॅनोमीटरवर अडतो, दहाच्या वर क्वचितच जातो. वेळ कितीही द्या.

पेरणीत वर सरकतो तो चिमुकला मोनोमर. त्याला दाटीतून तळाशी जायची गरजच नसते, कारण साखळीचं वाढतं टोक वर असतं. म्हणून दर चौरस नॅनोमीटरला ०.३ ते ०.५ साखळ्या इतकी दाटी सहज मिळते. एवढ्या गर्दीत साखळ्यांना आडवं पसरायला जागा राहत नाही, चांगल्या द्रावकात त्या उभ्या ताणल्या जातात. त्यालाच पॉलिमर ब्रश म्हणतात. हे उभं राहणं कागदावर आधी मांडलं गेलं, अलेक्झांडर यांनी १९७७ मध्ये आणि द जेन यांनी १९८० मध्ये. हातात धरता येईल अशी सोपी पेरणी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. साखळी काबूत ठेवून वाढवायच्या या दोन रीती: तांब्याच्या मदतीनं चालणारी एटीआरपी १९९५ मध्ये, राफ्ट १९९८ मध्ये.

तुम्हाला फक्त प्रथिनं चिकटू द्यायची नसतील आणि पृष्ठभाग सोन्याचा असेल, तर पेरणीच्या फंदात पडू नका. टोकाला थायॉल (सोन्याला धरणारा गंधकाचा गट) असलेलं पीईजी, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, विकत मिळतं. त्याच्या द्रावणात तुकडा रात्रभर बुडवा, धुवा, काम झालं. लावणीची दाटी वाढवायच्या दोन युक्त्याही सांगून ठेवते. एक म्हणजे पीईजी मुद्दाम वाईट द्रावकात, ढगाळ बिंदूच्या (पॉलिमर द्रावणातून बाहेर पडू लागतं त्या तापमानाच्या) जवळ लावायचं. पाण्यात पोटॅशियम सल्फेट भरपूर घालून ६० अंशांवर. गुंडे आक्रसतात, कमी जागा अडवतात, जास्त बसतात. दुसरी युक्ती द्रावकच काढून टाकायची. टोकाला हायड्रॉक्सिल असलेलं पॉलिस्टायरीन वेफरवर स्पिन-कोट करून (वेगानं फिरवून पातळ थर पसरवून) निर्वातात १७० अंशांवर रात्रभर ठेवायचं आणि न चिकटलेलं टोल्यूइननं धुऊन टाकायचं. वितळलेल्या अवस्थेत गुंडे एकमेकांत शिरतात, त्यामुळे द्रावणापेक्षा थर बरा मिळतो.

बाकी सगळ्यासाठी पेरणी. उदाहरण म्हणून सिलिकॉन वेफरवर निपामचं पॉलिमर घेते, म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिल ॲक्रिलमाइड. ते पाण्यात ३२ अंशांच्या खाली फुगतं आणि वर आक्रसतं, म्हणून शेवटी काम झालं की नाही ते डोळ्यांनी पाहता येतं.

सफाई

वेफरचे साधारण एक बाय एक सेंटिमीटरचे तुकडे करा. कापताना उडालेली सिलिकॉनची धूळ नायट्रोजननं उडवा. मग ॲसिटोन, आयसोप्रोपेनॉल आणि शुद्ध पाणी, प्रत्येकात पाच-दहा मिनिटं सोनिकेट, म्हणजे ध्वनिलहरींनी हलवणं. मागच्या बाजूला हिऱ्याच्या पेननं क्रमांक कोरा, आणि तो आत्ताच कोरा. ‘नंतर लक्षात राहील’ म्हणणाऱ्यांचे तुकडे मी खूप पाहिलेत, दोन दिवसांनी ते सगळे सारखेच दिसतात.

यानंतर पृष्ठभागावरचा शेवटचा सेंद्रिय थर जाळायचा आणि हायड्रॉक्सिल उघडे पाडायचे. माझी पसंती ऑक्सिजन प्लाझ्मा किंवा यूव्ही-ओझोनला. यूव्ही-ओझोनमध्ये १८५ नॅनोमीटरचा प्रकाश ओझोन बनवतो, २५४ चा प्रकाश घाण फोडतो. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पिरान्हाही उत्तम साफ करतो, पण तो एकट्यानं कधीही करू नये. तीन भाग संहत सल्फ्युरिक आम्ल, एक भाग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइड आम्लात घालायचं, हळूहळू, उलट कधीच नाही. मिश्रण आपोआप शंभर अंशांच्या वर तापतं. ॲसिटोनचा ओला तुकडा त्यात टाकला तर स्फोट होऊ शकतो, आणि वापरून झालेला पिरान्हा झाकणबंद बाटलीत भरला तर बाटली फुटते. फेस शील्ड, जाड हातमोजे, फ्युम हूड, आणि शेजारी लक्ष ठेवणारा एक माणूस. प्लाझ्मा असेल तर पिरान्हा करण्याचं कारण मला दिसत नाही.

साफ झालं की नाही ते पाहायला आधी यंत्राकडे धावू नका. तुकडा चिमट्यात धरा आणि त्यावर तोंडानं हलकी वाफ सोडा, आरशावर सोडतो तशी. नीट साफ पृष्ठभागावर वाफ सलग पातळ पापुद्र्यासारखी बसते आणि कडेकडून आत सरकत नाहीशी होते. कुठे बोटाचा किंवा चिमट्याचा डाग असेल तर तिथे पांढुरकं धुकं उमटतं आणि डागाचा आकार स्पष्ट दिसतो. पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरून सपाट झाला पाहिजे, स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो) दहा अंशांच्या खाली. साफ तुकडा तासाभरात वापरा, हवेतली तेलकट घाण तो लगेच ओढतो.

सिलेन, म्हणजे सगळ्या गोंधळाचं मूळ

पूर्ण हायड्रॉक्सिलयुक्त सिलिकावर दर चौरस नॅनोमीटरला सुमारे पाच हायड्रॉक्सिल असतात. त्यावर आपण एपीटीईएस बसवणार. हे अमिनोसिलेन, त्याच्या एका टोकाला तीन इथॉक्सी, दुसऱ्या टोकाला अमीन. इथॉक्सी पाण्यानं तुटतात, तिथे सिलॅनॉल (सिलिकॉनवर बसलेला हायड्रॉक्सिल) होतो, आणि तो पृष्ठभागाच्या सिलॅनॉलशी जुळतो.

मेख तीन या आकड्यात आहे. तिन्ही हात एकाच वेळी खाली पृष्ठभाग धरू शकत नाहीत. मोकळे राहिलेले हात शेजारच्या सिलेनला धरतात, तो त्याच्या शेजाऱ्याला, आणि पाणी जास्त झालं की हे सगळं द्रावणातच सुरू होतं. मग पृष्ठभागावर सुबक थर न बसता गोळे येऊन पडतात. पाणी अगदीच नसेल तर इथॉक्सी तुटतच नाहीत आणि अमीन नुसतं हायड्रोजन बंधानं पृष्ठभागाला टेकून राहतं. धुताना निघून जातं. आपल्याला हवं असतं ते पृष्ठभागावर चिकटलेलं पाण्याचं पुसट पटल, आणि द्रावणात कोरडेपणा. म्हणून टोल्यूइन कोरडं घ्यायचं, काचेचं भांडं ओव्हनमधून काढलेलं घ्यायचं, आणि तुकडा मात्र भाजून अतिकोरडा करायचा नाही.

माझी कृती अशी. कोरड्या टोल्यूइनमध्ये आकारमानानं १ टक्का एपीटीईएस, तुकडे उभे, पाऊण तास, खोलीच्या तापमानाला. मग ताज्या टोल्यूइननं दोनदा, टोल्यूइन-इथेनॉलच्या मिश्रणानं एकदा, इथेनॉलनं एकदा धुणं. थेट टोल्यूइनमधून पाण्यात नेऊ नका, सुटं सिलेन तिथल्या तिथे गोठून चिकटतं. नायट्रोजननं सुकवून ११० अंशांवर अर्धा तास भाजा. जागा असेल तर याहून सोपी रीत वाफेची आहे. डेसिकेटरमध्ये तुकडे, शेजारी छोट्या बाटलीत काही थेंब एपीटीईएस, निर्वात, एक तास. वाफेतून गोळे येत नाहीत, कारण गोळ्यांची वाफ होत नाही.

आता मोजा. एलिप्सोमीटरवर (प्रकाशानं पातळ थराची जाडी काढणाऱ्या यंत्रावर) अपवर्तनांक १.४६ असा पक्का ठेवून जाडी काढा. सिलिकॉनवर नैसर्गिक ऑक्साइड आधीच दीड-दोन नॅनोमीटर असतं, ते सफाईनंतर मोजून वजा करायचं. सिलेनचा वाटा ०.६ ते ०.८ नॅनोमीटर आला तर एकच थर बसला. दोनच्या वर आला तर थरावर थर चढलेत. त्यावरही ब्रश उगवतो, खोटं बोलणार नाही, पण तो ब्रश पाण्यात नेल्यावर पापुद्र्यासारखा सुटून येऊ शकतो. असा तुकडा मी फेकते. एकच इथॉक्सी असलेलं अमिनोसिलेन वापरलं तर थरावर थर चढायचा प्रश्नच राहत नाही; बदल्यात दाटी थोडी कमी मिळते.

आणि बाटली. सिलेनची बाटली उघडली की त्यावर तारीख लिहा, आर्गॉनखाली बंद करा, आतला द्रव गढूळ दिसला की टाकून द्या. माझे चार महिने त्या गढूळ दिसण्याकडे दुर्लक्ष करण्यातच गेले होते.

बी बसवणं

अमीनवर आता ब्रोमीनचं टोक जोडायचं, साखळी तिथूनच सुरू होते. त्यासाठी २-ब्रोमोआयसोब्युटिरिल ब्रोमाइड, बोलताना बीआयबीबी. डोळ्यांतून धारा काढणारं रसायन आहे, पाण्याशी भडकतं, हूडच्या बाहेर काढायचं नाही. कोरडं डायक्लोरोमिथेन २० मिली, त्यात ट्रायइथिलअमीन ०.४ मिली, बर्फावर थंड करा, मग बीआयबीबी ०.३ मिली थेंबाथेंबानं. पहिल्या थेंबालाच पांढरा धूर आणि द्रावणात पांढरं गढूळपण दिसेल. तो ट्रायइथिलअमीनचा ब्रोमाइड क्षार. घाबरायचं कारण नाही, पण हा क्षार खाली बसतो, म्हणून तुकडे आडवे ठेवले तर त्यांच्यावरही बसतो. उभे ठेवायचे, किंवा पालथे टेकवून. एक तास बर्फावर, एक तास बाहेर. डायक्लोरोमिथेननं, मग इथेनॉलनं धुणं, अर्धं मिनिट सोनिकेट, सुकवणं.

थेंब पुन्हा टाकून पाहा. साफ वेफरवर तो पसरला होता, अमीनवर पन्नास-साठ अंशांवर उभा राहतो, ब्रोमीन बसल्यावर सत्तरच्या आसपास जातो. एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) हाताशी असेल तर ७० इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ ब्रोमीनचं शिखर शोधा. ते आधी मोजून घ्या, कारण क्ष-किरणांखाली ब्रोमीन हळूहळू निघून जातं आणि नंतर पाहिलं तर आपण बी पेरलंच नव्हतं असं वाटतं.

या टप्प्यावर तुकडे अंधारात, आर्गॉनखाली, फ्रिजमध्ये काही आठवडे टिकतात. मी एका वेळी वीस-पंचवीस करून ठेवते. दोन तुकडे मात्र मुद्दाम बीआयबीबीशिवाय ठेवा, फक्त अमीनवाले. त्यांचं काम पुढे येईल.

उगवण

एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर ०.३३ या दाटीनं साखळ्या मोजल्या तर त्या तेहतीस लाख कोटी होतात. आकडा छाती दडपणारा, पण मोलमध्ये जेमतेम ५५ पिकोमोल. एरवीच्या एटीआरपीत साखळ्या सुरू होताना थोडं क्युप्रिक (दोन धन प्रभारांचं) तांबं आपोआप साठतं आणि तेच पुढे वाढीला लगाम घालतं. इथे ५५ पिकोमोलमधून साठणार काय? म्हणून क्युप्रिक तांबं बाहेरून घालावं लागतं, नाहीतर साखळ्या सुसाट वाढतात, एकमेकींना भिडतात आणि पंधरा मिनिटांत सगळं मरून जातं. सपाट पृष्ठभागावरच्या अपयशाचं, सिलेननंतरचं, हे दुसरं मोठं कारण.

मी एटीआरपीचीच आर्गेट पद्धत वापरते. तिच्यात हवेत हिरवं पडणारं क्युप्रस ब्रोमाइड सांभाळत बसावं लागत नाही. सुरुवात क्युप्रिकपासून, आणि एस्कॉर्बिक आम्ल त्यातून वाढ चालू ठेवणारं क्युप्रस (एका धन प्रभाराचं तांबं) लागेल तेवढं बनवत राहतं.

निपाम ५.६६ ग्रॅम, म्हणजे ५० मिलिमोल. हेक्सेनमधून पुन्हा स्फटिकवलेलं घ्या, त्यातला इनहिबिटर (मोनोमर साठवणीत आपोआप जुळू नये म्हणून घातलेलं रसायन) जातो. ते ॲक्रिलमाइडच्या कुळातलं आहे, भुकटी श्वासात जाऊ देऊ नका, हूडमध्येच तोला. क्युप्रिक ब्रोमाइड ११.२ मिलिग्रॅम लागतं. एवढं तोलण्यात चूक होते, म्हणून ११२ मिलिग्रॅम १० मिली मेथेनॉलमध्ये विरघळवून त्यातलं १ मिली घ्या. आणखी १९ मिली मेथेनॉल, ४ मिली पाणी, पीएमडीईटीए, म्हणजे आपला लिगंड, १०४ मायक्रोलिटर. लिगंड पडताच फिकट रंग गडद निळा होतो. सेप्टम (सुई टोचता येणारं रबरी बूच) लावून अर्धा तास आर्गॉनचे बुडबुडे सोडा. वेगळ्या बाटलीत ८८ मिलिग्रॅम एस्कॉर्बिक आम्ल १ मिली पाण्यात, तेही आर्गॉन दिलेलं. तुकडे आर्गॉन भरलेल्या सेप्टमच्या बाटल्यांमध्ये तयार ठेवा.

मेथेनॉल आणि पाण्याचं प्रमाण बदलताना एक लक्षात असू द्या. पॉली-निपाम मेथेनॉलमध्ये विरघळतं, थंड पाण्यातही विरघळतं, पण मेथेनॉलचे रेणू एकूण रेणूंच्या एक-तृतीयांश झाले की त्या मिश्रणात आक्रसून बसतं. दोघांशी मैत्री, दोघं एकत्र आले की अबोला. निम्मं-निम्मं मिश्रण नेमकं त्या खड्ड्याजवळ पडतं. मी चारास एक ठेवते ते म्हणून.

एस्कॉर्बिक आम्ल सिरिंजनं घातलं की निळा रंग उतरायला लागतो. इथे घड्याळ नाही, रंग पाहायचा. निळा फिकट होत राहिला तर ठीक. क्षणात पूर्ण पाण्यासारखा झाला तर क्षपणक जास्त पडलं, लगाम घालणारं क्युप्रिक संपलं. पुढच्या वेळी निम्मं घ्या. फिका होऊन पुन्हा निळा झाला तर हवा शिरते आहे, सेप्टम जुना असेल. रंग स्थिरावला की द्रावण सिरिंजनं तुकड्यांच्या बाटल्यांमध्ये भरा. तुकडा पूर्ण बुडाला पाहिजे, अर्धवट बुडालेल्यावर पृष्ठरेषेपाशी जाड पट्टा येतो. १०, २०, ४० आणि ८० मिनिटांनी एकेक बाटली उघडा. उघडली की हवेनं वाढ थांबते. अमीनवाल्या दोन तुकड्यांतला एक याच द्रावणात ८० मिनिटं बुडवून ठेवा.

आर्गॉनची सोय नसेल तर तांब्याच्या पत्र्याची रीत करून पाहा. घासून साफ केलेला तांब्याचा पत्रा आणि पेरलेला वेफर, मध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट, फटीत मोनोमर आणि लिगंडचं द्रावण. पत्रा स्वतःच तांबंही पुरवतो आणि फटीतला ऑक्सिजनही खातो. इतक्या थोड्या द्रावणात ब्रश उगवताना पाहून माझा आर्गॉनवरचा विश्वास थोडा डळमळलाच.

धुणं आणि मोजणं

३० नॅनोमीटरचा ब्रश एक चौरस सेंटिमीटरवर भरतो जेमतेम ३.३ मायक्रोग्रॅम. साडेपाच ग्रॅम मोनोमरमधून एवढंच हाती लागतं, बाकी द्रावणात. तिथे सुटं पॉलिमरही थोडं असतं आणि ते ब्रशमध्ये अडकून जाडी फुगवतं. मेथेनॉल, मग थंड पाणी, मग पातळ ईडीटीए, पुन्हा पाणी, असं रात्रभर धुवा. ईडीटीए तांबं काढतं. तुकड्यावर पुढे पेशी वाढवायच्या असतील तर ही पायरी वगळूच नका, राहिलेलं तांबं पेशी मारतं आणि दोष ब्रशला जातो.

कोरडी जाडी मोजताना अपवर्तनांक १.५ पक्का धरा. दहा नॅनोमीटरच्या खाली जाडी आणि अपवर्तनांक दोन्ही एकदम काढायला गेलं तर यंत्र हवं ते उत्तर देतं. हा ब्रश हवेतला ओलावा पितो, म्हणून मोजण्याआधी काही मिनिटं ६० अंशांवर ठेवून लगेच मोजा. आता तो अमीनवाला तुकडा मोजा. त्यावर दोन नॅनोमीटरहून जास्त काही आलं तर तुमच्या बाकीच्या जाडीतला तेवढा भाग ब्रश नाही, चिकटलेला मळ आहे. हा तुकडा न ठेवणाऱ्याच्या जाडीवर माझा विश्वास बसत नाही.

वेळ आडवी आणि जाडी उभी मांडा. रेषा सरळ चढत असेल तर टोकं जिवंत आहेत. सुरुवातीला उडी आणि मग सपाट असेल तर साखळ्या लवकर मेल्या, परत क्युप्रिकच्या प्रमाणाकडे जा.

दाटी काढायचं गणित एका ओळीचं आहे. कोरडी जाडी गुणिले घनता गुणिले ॲव्होगाड्रो, भागिले साखळीचा रेणुभार. जाडी ३० नॅनोमीटर, घनता १.१, रेणुभार साठ हजार धरला तर चौरस नॅनोमीटरला ०.३३ साखळ्या येतात, म्हणजे दोन साखळ्यांत सुमारे पावणेदोन नॅनोमीटर. दहा-पंधरा नॅनोमीटरचे गुंडे एवढ्या अंतरावर रोवलेत म्हटल्यावर ते उभे राहणारच. साठ हजाराची साखळी पूर्ण ताणली तर १३० नॅनोमीटर भरते, त्यामुळे पाण्यात फुगलेली जाडी त्याहून जास्त आली तर मोजण्यात चूक आहे.

अडचण रेणुभाराची. ३.३ मायक्रोग्रॅम सोलून काढून जीपीसीवर (रेणुभार मोजणाऱ्या यंत्रावर) घालणं अवघड. म्हणून द्रावणात थोडं सुटं बी, म्हणजे इथाइल ब्रोमोआयसोब्युटिरेट, घालतात, त्यातून वाढलेल्या सुट्या साखळ्या मोजतात आणि ब्रशच्याही तेवढ्याच धरतात. हे धरणं सोयीचं आहे, पुरतं खरं नाही. दाटीत वाढणाऱ्या साखळ्या लहान-मोठ्या जास्त होतात. मी आकडा देते तेव्हा तो सुट्या पॉलिमरवरून काढला आहे हे शेजारी लिहिते.

आणि आता गंमत. तुकडा थंड पट्टीवर ठेवून पाण्याचा थेंब टाका, मग पट्टी ४० अंशांवर नेऊन नवा थेंब टाका. दुसरा थेंब उंच बसतो. सपाट वेफरवर फरक पंधरा-वीस अंशांचा असतो, जाहिरातीत दिसतो तसा मोठा नाही. तो मोठा फरक खडबडीत पृष्ठभागावर येतो. तरी पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो.

वेफर सोडून इतर

सोन्यावर सिलेन बसत नाही, तिथे टोकाला ब्रोमीन असलेलं थायॉल किंवा डायसल्फाइड घ्या. फक्त ६० अंशांच्या वर जाऊ नका, थायॉल सुटू लागतं. टायटॅनियम, स्टील, ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडवर कॅटेकॉल चांगला धरतो. काहीच धरत नसेल तर पॉलिडोपामाइन. २००७ मध्ये शिंपल्याच्या गोंदावरून सुचलेली ही कृती इतकी सोपी आहे की संशय यावा. डोपामाइन दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम, ट्रिस बफर, पीएच ८.५, उघडं भांडं. तासाभरात द्रावण तपकिरी, दुसऱ्या दिवशी काळं, आणि आत टाकलेल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूवर थर. त्यावरच्या अमीन आणि हायड्रॉक्सिलवर बीआयबीबी नेहमीसारखं. थर मात्र खडबडीत आणि रंगीत, सूक्ष्म मोजमापाच्या कामाला नको.

प्लास्टिकवर बेंझोफिनोन आणि ३५० नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्ही. तो कुठल्याही कार्बन-हायड्रोजन बंधातला हायड्रोजन खेचतो. सिलिकाच्या कणांवर कृती तीच, फक्त धुणं म्हणजे सेंट्रिफ्यूज, आणि वाढ लवकर थांबवायची, कारण दोन कणांवरच्या साखळ्या एकमेकींना भिडल्या की सगळ्याचा जेल होतो. कणांवरची दाटी टीजीए (तापवून वजनातली घट मोजणारं यंत्र) देतो, तिथे पृष्ठभाग भरपूर असतो.

उखडणं

तयार ब्रश कोरडा ठेवला तर टिकतो. पाण्यात दिवसेंदिवस ठेवला तर उखडू लागतो, आणि जितका दाट तितका लवकर. फुगलेल्या साखळ्या एकमेकींना ढकलतात, तो सगळा ताण तळाच्या एकेका सिलॉक्सेन बंधावर येतो, आणि पाणी तो बंध तोडायला टपलेलंच असतं. अमिनोसिलेनचं अमीन त्याला मदतही करतं. पेशींच्या माध्यमात ३७ अंशांवर आठवडाभर ठेवायचं असेल तर आधी एक तुकडा नुसत्या बफरमध्ये तसाच आठवडाभर ठेवून रोज सुकवून मोजा. जाडी घसरत असेल तर ब्रोमीन-बीचं प्रमाण मुद्दाम कमी करून विरळ ब्रश घ्या, किंवा साखळीच्या तळाशी पाण्याला न आवडणाऱ्या मोनोमरचा छोटा भाग आधी उगवा, म्हणजे पाणी बंधापर्यंत पोचत नाही.

तशा दोन भागांच्या साखळ्यांचा ब्रश करण्यासाठी पहिली वाढ लवकर थांबवा, मेथेनॉलनं धुवा, ब्रोमीनची टोकं तशीच ठेवून पुढचं द्रावण घाला. माझ्याकडे पहिल्या वाढीतला २० मिनिटांचा एक तुकडा अजून बाजूला ठेवलेला असतो, दर वेळी. दुसऱ्या द्रावणात त्याची जाडी वाढली नाही तर मी वरचं काही तपासत नाही, सरळ सेप्टम बदलते.